साक्ष देणे हे कोणाचे काम? रोजच्या जगण्यातील ख्रिस्ती साक्षीविषयी

आपल्या मंडळ्यांमध्ये ‘साक्ष’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांना दोन प्रसंग आठवतात. एक म्हणजे प्रार्थनासभेत कोणीतरी उभे राहून आपले आजारपण कसे बरे झाले हे सांगणे, आणि दुसरा म्हणजे रस्त्यावर किंवा स्टेशनबाहेर पत्रके वाटत शुभवर्तमान सांगणे. दोन्हींना मंडळीच्या जीवनात स्थान आहे, यात शंका नाही. पण साक्ष म्हणजे एवढेच अशी समजूत झाली की उरलेले बहुसंख्य ख्रिस्ती लोक, म्हणजे कारकून, परिचारिका, शेतकरी, शिक्षक, गृहिणी, रिक्षाचालक, ‘हे आपले काम नव्हे, हे पाळकांचे किंवा फादरांचे काम’ असे मानून मोकळे होतात. ही समजूत पवित्र शास्त्राला धरून नाही. साक्ष देण्याची जबाबदारी धर्मगुरूपदाच्या दीक्षेबरोबर किंवा धर्मशिक्षणाच्या पदवीबरोबर येत नाही, ती बाप्तिस्म्याबरोबर येते, आणि ती मुख्यतः जिथे आपण आठवड्याचे सहा दिवस घालवतो तिथेच पार पाडायची असते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात येशू स्वर्गारोहणापूर्वी शिष्यांना सांगतो की पवित्र आत्मा तुमच्यावर येईल तेव्हा तुम्ही यरुशलेमेत, सर्व यहूदीयात, शोमरोनात आणि पृथ्वीच्या शेवटापर्यंत माझे साक्षी व्हाल. हे वचन आपण प्रेषितांना उद्देशून आहे असे समजून वाचतो. परंतु पुढे प्रत्यक्षात काय घडले हे त्याच पुस्तकात नीट पाहावे. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या मृत्यूनंतर यरुशलेमेतील मंडळीचा छळ सुरू झाला आणि आठव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात या पुस्तकाचा लेखक लूक स्पष्ट लिहितो की प्रेषितांखेरीज बाकी सर्व जण पांगले. जे पांगले तेच ठिकठिकाणी वचन सांगत फिरले. अकराव्या अध्यायात कळते की त्यांच्यापैकी कुप्र आणि कुरेने येथील काही जण अंत्युखियास पोहोचले, तिथे ग्रीक लोकांशी बोलले आणि मोठा समुदाय विश्वास ठेवून प्रभूकडे वळला. ज्या नगरात शिष्यांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले त्या नगरातील मंडळीची सुरुवात करणाऱ्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. ती घरदार सोडून पळावे लागलेली, पोटापाण्यासाठी नवी जागा शोधणारी साधी माणसे होती. बर्णबा आणि पौल तिथे नंतर आले. साक्ष हे केवळ नेमलेल्या सेवकांचे काम असते, तर अंत्युखियाची मंडळी उभीच राहिली नसती.

मग ही समजूत आली कुठून? शतकांच्या ओघात धर्मगुरू आणि मठवासी यांचे जीवन हेच खरे समर्पित जीवन, आणि प्रपंच करणाऱ्यांनी आज्ञा पाळाव्यात, दान द्यावे आणि गप्प बसावे, अशी एक उतरंड तयार झाली. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर यांनी 1520 मध्ये तिला उघड आव्हान दिले. बाप्तिस्म्याने प्रत्येक जण याजक होतो, चांभार, लोहार आणि शेतकरी यांचे काम हीदेखील देवाने दिलेली सेवा आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. कॅथोलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या महागुरूंच्या (बिशपांच्या) महासभेत, हा विषय मुळापासून हाताळला. 21 नोव्हेंबर 1964 रोजी प्रसिद्ध झालेल्या चर्चविषयक संविधानात असे म्हटले आहे की प्रापंचिकांचे, म्हणजे दीक्षित नसलेल्या सामान्य ख्रिस्ती लोकांचे, प्रेषितकार्य हा चर्चच्या तारणकार्यातील थेट सहभाग आहे आणि बाप्तिस्मा व दृढीकरण (बाप्तिस्म्याची कृपा बळकट करणारा संस्कार) यांद्वारे प्रभू स्वतः त्यांना ते सोपवतो. पुढच्याच वर्षी, 18 नोव्हेंबर 1965 रोजी, केवळ प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यासाठी परिषदेने एक स्वतंत्र आदेशपत्र काढले. ‘प्रभू स्वतः सोपवतो’ यातला ‘स्वतः’ महत्त्वाचा आहे. याचा अर्थ फादरांनी कमिटीत घेतले, पाळकांनी जबाबदारी दिली, तरच आपण कामाला लागायचे असे नाही.

दोन्ही परंपरांच्या या शिकवणीमागे एकच पाया आहे. ख्रिस्त हा याजक, संदेष्टा आणि राजा आहे आणि बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण त्याच्या या तिन्ही कार्यांत सहभागी होतो. सोप्या भाषेत सांगायचे तर याजक या नात्याने आपण आपले काम, कष्ट आणि दुःख देवाला अर्पण करतो. संदेष्टा या नात्याने सत्य बोलतो आणि सत्याप्रमाणे वागतो. राजा या नात्याने, म्हणजे शिष्यांचे पाय धुणाऱ्या राजाचे अनुयायी या नात्याने, आपल्याला मिळालेला अधिकार दुसऱ्याच्या भल्यासाठी वापरतो. साक्ष या तिन्हींतून प्रकट होते, त्यामुळे ती बोलण्यापुरती राहत नाही.

आता प्रत्यक्ष वागण्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक येतात आणि ‘आम्ही काय करावे?’ असे विचारतात. जकातदारांना तो नोकरी सोडायला सांगत नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. शिपायांना तो अरण्यात येऊन राहा असे म्हणत नाही. कोणाला धाकदपटशा करून पैसे उकळू नका, खोटा आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे सांगतो. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे इतरांना सांगतो. ही उत्तरे मला फार मोलाची वाटतात, कारण ती प्रत्येकाच्या धंद्यातील नेमक्या मोहावर बोट ठेवतात. जकातदाराचा मोह वेगळा, शिपायाचा वेगळा, आणि म्हणून पश्चात्तापाचे फळही वेगळे. पुढे एकोणिसाव्या अध्यायात जक्कय हा मुख्य जकातदार येशूला घरी घेतो तेव्हा त्याच्या विश्वासाचे पहिले रूप दिसते ते हिशेबात: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत.

हाच प्रश्न आज आपण विचारला तर उत्तरे तितकीच नेमकी असायला हवीत. नगरपालिकेत काम करणाऱ्या ख्रिस्ती माणसाची साक्ष त्याच्या टेबलावरील येशूच्या तसबिरीपेक्षा त्या टेबलावरून फाईल चिरीमिरीशिवाय पुढे सरकते की नाही यावर अवलंबून असते. परिचारिकेची साक्ष रात्रपाळीत, तिसऱ्यांदा घंटा वाजवणाऱ्या चिडखोर म्हाताऱ्या रुग्णाशी ती कशी बोलते यात असते. घरमालकाची साक्ष भाडेकरू निवडताना जात विचारली जाते की नाही यात असते. घरकाम करणाऱ्या बाईंना सणाच्या दिवशी पगारी सुटी मिळते का, दुकानदार वजनात मारतो का, शिक्षक शिकवणीला न येणाऱ्या मुलालाही वर्गात तितकेच मन लावून शिकवतो का, हे सगळे प्रश्न विश्वासाचेच आहेत. पौल कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो की जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा; आणि हे वाक्य तो त्या समाजातील सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या दासांना उद्देशून लिहितो.

असे जीवन पवित्र मानले जाऊ शकते याची मोठी खूण 18 ऑक्टोबर 2015 रोजी दिसली. त्या दिवशी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली मार्टिन या फ्रेंच पती-पत्नींना एकत्र संत म्हणून घोषित केले. लुई हे आलेन्सों गावातील घड्याळजी होते आणि झेली तिथल्या प्रसिद्ध लेसचा व्यवसाय चालवत. त्यांना नऊ मुले झाली, त्यांपैकी चार लहानपणीच गेली, आणि झेली स्वतः 1877 मध्ये कर्करोगाने वारल्या. लुई यांनी रविवारी दुकान न उघडण्याचा नियम कधी मोडला नाही, जरी खेड्यापाड्यांतील गिऱ्हाईक त्याच दिवशी गावात येत असे. धंदा, बाळंतपणे, आजारपणे आणि मृत्यू यांतूनच त्यांचे संतत्व घडले. त्यांच्या धाकट्या मुलीला, लिझ्यूच्या संत तेरेझाला, सारे जग ओळखते. पण तिला प्रार्थना प्रथम कोणी शिकवली हेही लक्षात ठेवायला हवे.

येथे एक शंका हमखास निघते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की तुमचा उजेड लोकांसमोर असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मे पाहावीत. आणि लगेच सहाव्या अध्यायाच्या आरंभी सांगतो की लोकांनी पाहावे म्हणून आपले धर्माचरण त्यांच्यासमोर करू नका. मग करायचे काय, दाखवायचे की लपवायचे? या दोन वचनांचा मेळ पाचव्या अध्यायातील वाक्याच्या उत्तरार्धात आहे: त्यांनी सत्कर्मे पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. पाहणाऱ्याची नजर कर्म करणाऱ्यावर अडकली तर ते प्रदर्शन झाले. ती त्याच्यापलीकडे गेली तर ती साक्ष झाली. म्हणूनच सहाव्या अध्यायात ज्या तीन गोष्टी गुप्तपणे करायला सांगितल्या आहेत त्या दान, प्रार्थना आणि उपवास या आहेत, म्हणजे ज्यांतून धार्मिक म्हणून नाव मिळवता येते अशा. आणि उघड्यावर राहू द्यायचे ते आपले एकूण जगणे आहे, जे तसेही लपवता येत नाही. मदतीचे पाकीट देताना फोटो काढून तो व्हॉट्सॲप समूहावर टाकण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. तो फोटो पाहणाऱ्याला पित्याची आठवण होते की देणाऱ्याची, आणि घेणाऱ्या माणसाच्या मानाचे काय होते, हे प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) व मंडळीने गंभीरपणे तपासावे.

मग चांगले वागले की पुरे, बोलण्याची गरज नाही, असे म्हणायचे का? असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर ‘नेहमी शुभवर्तमान सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा’ असे एक वाक्य सर्वत्र फिरते, परंतु ते त्यांच्या लिखाणात कुठेही आढळत नाही. त्यांनी 1221 च्या आपल्या नियमावलीत प्रत्यक्षात जे लिहिले ते अधिक विचारपूर्वक आहे. मुसलमानांमध्ये जाणाऱ्या आपल्या संघातील बंधूंना ते दोन मार्ग सांगतात. पहिला म्हणजे वादविवाद व भांडण न करता, देवासाठी प्रत्येक माणसापुढे नम्र राहून, आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करणे. दुसरा म्हणजे देवाला ते आवडेल असे दिसेल तेव्हा वचन सांगणे. दोन वर्षांपूर्वीच, 1219 मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना ते इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिल यांना निःशस्त्र जाऊन भेटले होते, त्यामुळे या सूचनेला अनुभवाचे वजन आहे.

पोप सहावे पॉल यांनी 8 डिसेंबर 1975 च्या आपल्या प्रबोधनपत्रात हाच क्रम समजावून सांगितला. त्यांचे म्हणणे असे की ख्रिस्ती माणसे आपल्या समाजात इतरांशी समजूतदारपणे, एकोप्याने, आशेने राहतात तेव्हा पाहणाऱ्यांच्या मनात आपोआप प्रश्न उठतात: ही माणसे अशी का आहेत, कोणाच्या प्रेरणेने जगतात? ही शब्दावाचूनची साक्ष म्हणजे सुवार्तेचा पहिला टप्पा. पण ती कितीही उत्तम असली तरी कधीतरी तिचा खुलासा करावाच लागतो, नाहीतर ती अपुरी राहते. पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायात तोच क्रम आहे. तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे पेत्र लिहितो. त्याचे वाचक आशिया मायनरमध्ये विखुरलेले, दुर्बळ लोक होते: दास, आणि ज्यांचे पती विश्वासणारे नव्हते अशा स्त्रिया. त्या स्त्रियांना तर तो सांगतो की वचनावाचून, केवळ आचरणानेही पती विश्वासाकडे वळवला जाऊ शकतो. आधी जगणे, मग समोरच्याचा प्रश्न, मग उत्तर. हा क्रम उलटा झाला, म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे आपण ओरडून देऊ लागलो, की ऐकणारा कान बंद करतो.

या क्रमाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासातच आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहू लागल्या. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या, वादात हरणाऱ्या नव्हत्या, आणि ख्रिस्ती धर्माविषयी बरेच काही त्यांनी आधीच वाचले-ऐकले होते. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपल्या केंद्रात पाठवले. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे सेवा केली जात होती. अशा स्त्रियांना कोणी मायेने वागवते, त्या पुन्हा उभ्या राहू शकतात असे मानते, हे रमाबाईंनी तिथे प्रथमच पाहिले. त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला विचारले की ख्रिस्ती लोक या स्त्रियांची इतकी काळजी का घेतात. त्या भगिनीने व्याख्यान दिले नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्री आणि येशू यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे की त्या अध्यायाने ख्रिस्त खरोखर तारणारा आहे याची त्यांना जाणीव झाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

फुलहॅमच्या त्या भगिनी हिंदुस्थानातून आलेल्या पाहुणीसाठी काम करत नव्हत्या. त्या आल्या नसत्या तरी ते काम तसेच चालले असते. साक्षीचे बळ नेमके त्यात आहे: सेवा ही सेवेसाठी होती, प्रश्न पाहणारीच्या मनातून आला, आणि उत्तर देणारीला शुभवर्तमानातील कोणते पान उघडायचे हे ठाऊक होते. हा तिसरा भाग आपण विसरतो. फुलहॅममध्ये केवळ चांगुलपणा असता आणि शास्त्राची ओळख नसती, तर रमाबाई कौतुक करून परतल्या असत्या.

त्यांच्याच आयुष्यातील पुढची घटना साक्षीची अवघड बाजू दाखवते. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा उघडली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यास नेली. तिथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरले होते आणि महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून सोबत होती. रमाबाई आपल्या मुलीबरोबर स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. त्यावरून वादळ उठले, 1893 मध्ये सल्लागार बाजूला झाले आणि अनेक मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून नेले. स्वतःची प्रार्थना दार लावून करण्याचे कारण नाही, हे रमाबाईंचे म्हणणे मला पटते. विश्वास लपवणे ही साक्ष होऊ शकत नाही. त्याचबरोबर पालकांची धास्ती निराधार होती असे म्हणवत नाही, कारण त्या मुली अन्न, निवारा आणि शिक्षण यांसाठी त्याच छपरावर अवलंबून होत्या. ज्याच्या हातात दुसऱ्याची भाकरी आहे, म्हणजे मालक, शाळाचालक, डॉक्टर, वसतिगृहाचा प्रमुख, त्याने साक्ष देताना समोरच्याचे स्वातंत्र्य दुप्पट काळजीने जपले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 7 डिसेंबर 1965 च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात हेच बजावले आहे: विश्वासाचा प्रसार करताना बळजबरीची किंवा अयोग्य रीतीने मन वळवण्याची छायाही नसावी, विशेषतः समोरची माणसे गरीब किंवा अशिक्षित असतील तेव्हा.

आपल्या देशाच्या कायद्याची चौकटही माहीत असावी. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. साक्षीच्या ख्रिस्ती कल्पनेला यात बाधा येत नाही, कारण हृदयपालट हे पवित्र आत्म्याचे काम आहे, आणि साक्षीदाराने पाहिलेले सांगायचे असते, निकाल द्यायचा नसतो.

आपल्या साक्षीला सर्वांत मोठा धक्का बाहेरून बसत नाही, तो आतून बसतो, हे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. भारतातील कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले तेव्हा चर्चमध्येही अस्पृश्यता व भेदभाव पाळला जातो हे मान्य केले. काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत राहिली आहे. महाराष्ट्रातही लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न ख्रिस्ती घरांत विचारला जातो. ख्रिस्तात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातील वचन रविवारी वाचायचे आणि सोमवारी स्थळ नाकारायचे, ही आपल्याच साक्षीविरुद्ध दिलेली साक्ष आहे; तिचे खंडन कोणत्याही प्रवचनाने होत नाही.

शेवटी, ‘मला शास्त्र येत नाही, मी काय उत्तर देणार?’ असे म्हणणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय सावकाश वाचावा. जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी धर्मपुढारी, त्याची उलटतपासणी घेतात. त्याचे आईबाप सभास्थानातून घालवून देतील या भीतीने ‘तो वयात आला आहे, त्यालाच विचारा’ म्हणून बाजूला होतात. तो मात्र ठाम राहतो. येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण मी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढे मला ठाऊक आहे, असे तो सांगतो. जे कळले नाही ते कळले असे तो भासवत नाही, आणि जे घडले ते नाकारतही नाही. त्या वेळी येशू कोण आहे हे त्याला पुरते उमगलेले नव्हते. बाहेर हाकलले गेल्यावर येशू त्याला शोधत येतो आणि त्या भेटीत तो पहिल्यांदा म्हणतो की प्रभू, मी विश्वास ठेवतो. रमाबाईंनीही लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडायला त्यानंतर आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत शारदा सदन उभे राहिलेले होते.